आयटीपी नव्याने निघालाय? पहिल्या वर्षात काय करायचं आणि कशाची घाई करायची नाही

माझा पहिला रिपोर्ट आला तेव्हा प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, ९ हजार होत्या. नॉर्मल म्हणजे दीड लाख ते साडेचार लाख, हे तेव्हा मला माहीत पण नव्हतं. लॅबमधून फोन आला, पलीकडची बाई परत परत विचारत होती कुठून रक्त जातंय का, डोकं दुखतंय का, आणि मी सांगत होते अहो नाही, फक्त पायावर बारीक लाल ठिपके आलेत, मी तर आत्ता जिना चढून वर आले. त्या दिवसापासून पुढची काही वर्षं मी त्या आकड्याच्या मागे धावले. आज ११ वर्षं झाली. माझ्या प्लेटलेट ४५ ते ६० हजारांत असतात, नॉर्मल होतच नाहीत, आणि मी नोकरी करते, पोहते, प्रवास करते. आकडा नॉर्मल करणं हे ध्येयच नाहीये, रक्तस्राव होऊ न देणं आणि नीट जगता येईल एवढ्या प्लेटलेट राखणं हे ध्येय आहे, एवढं जर मला पहिल्या महिन्यात कोणी समोर बसवून सांगितलं असतं तर काही औषधं मी इतकी लांबवली नसती. म्हणून आयटीपी, म्हणजे प्लेटलेट कमी होण्याचा हा आजार, नव्याने निघालेल्यांसाठी हे सगळं एका जागी लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे डोस बदलणं, औषध थांबवणं हे तुमच्या हेमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना, विचारूनच.

पायरी १: निदान पक्कं आहे का ते आधी बघा

आयटीपी म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपीनिया. पूर्वी यातल्या आय चा अर्थ इडिओपॅथिक, म्हणजे कारण माहीत नसलेला, असा घ्यायचे, आता इम्यून म्हणतात कारण आपलीच प्रतिकारशक्ती प्लेटलेट मारते हे कळलंय. प्लेटलेट १ लाखाच्या खाली आणि दुसरं कुठलंही कारण सापडत नाही, तेव्हा हे नाव देतात. हा आजार आहेच असं सांगणारी एक ठराविक टेस्ट नाही. बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढायची आणि जे उरतं ते आयटीपी, असं हे निदान असतं, म्हणून बाजूला काढायचं काम नीट झालंय का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सगळ्यात साधी गोष्ट जी राहून जाते ती सांगते. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याच्या टेस्टसाठी, रक्त ज्या ट्यूबमध्ये घेतात तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, आणि काही लोकांच्या प्लेटलेट त्या ईडीटीएमुळे ट्यूबमध्येच एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. मशीनला तो गठ्ठा मोजता येत नाही, मग रिपोर्टवर आकडा खोटाच कमी येतो, माणूस ठणठणीत असतो. यावर उपाय म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं, म्हणजे पेरिफेरल स्मिअर, आणि शंका आली तर सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत रक्त घेणं. स्मिअर प्रत्यक्ष डोळ्यांनी कोणी पाहिलाय का, एवढा एक प्रश्न नक्की विचारा.

मग एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, ल्युपस या प्रतिकारशक्तीच्या आजारासाठी एएनए ही टेस्ट, पोटातला एच पायलोरी जंतू, बी१२, लिव्हर हे बघतात. मागच्या दोनतीन आठवड्यांत कुठला ताप, कुठलं इन्फेक्शन, कुठली लस, कुठलं नवीन औषध हे सगळं सांगा, अगदी आयुर्वेदिक चूर्ण किंवा टॉनिक पण, कारण औषधामुळे प्लेटलेट पडणं हा वेगळाच प्रकार आहे आणि तिथे ते औषध बंद करणं हाच इलाज असतो. बोन मॅरोच्या, म्हणजे हाडांतल्या मगजाच्या, टेस्टची धास्ती सगळ्यांना असते, पण बाकी पेशी नॉर्मल असतील, चित्र नेहमीसारखं असेल तर ती बहुतेक वेळा लागत नाही. हिमोग्लोबिन किंवा पांढऱ्या पेशीही बिघडल्या असतील, पाणथरी म्हणजे स्प्लीन मोठी लागत असेल, किंवा उपचाराला काहीच दाद मिळत नसेल तर मात्र करावी.

पायरी २: आत नेमकं काय चाललंय ते समजून घ्या

हे कळलं नाही की माणूस चुकीच्या गोष्टींवर वेळ घालवतो. प्लेटलेट हाडांच्या मगजात तयार होतात आणि एरवी ७ ते १० दिवस जगतात. आयटीपीत शरीर त्यांच्यावर अँटीबॉडीज चिकटवतं, आणि अशी खूण लागलेली प्लेटलेट पाणथरीतून जाताना तिथल्या पेशी तिला गिळून टाकतात. ती मग काही तासांत नाहीतर एकदोन दिवसांत संपते. शिवाय त्याच अँटीबॉडीज मगजात प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींनाही त्रास देतात, म्हणजे मोड पण जास्त आणि उत्पादन पण हवं तेवढं नाही, अशी दुहेरी अडचण.

दोष रक्तातच कुठेतरी आहे हे कसं कळलं त्याची गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. विल्यम हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५० च्या सुमाराला एका आयटीपी पेशंटचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट कोसळल्या, फिट आली, अंगभर ठिपके उठले, आणि आठवडाभरात ते बरे झाले. १९५१ मध्ये त्यांनी ते छापलं. एका माणसाने जीव पणाला लावला म्हणून आज आपल्याला माहितीये की हे कमी खाण्यामुळे, अशक्तपणामुळे किंवा आपल्या कुठल्या चुकीमुळे होत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, खाऊन प्लेटलेट वाढत नाहीत. नातेवाईक प्रेमाने दहा प्रकारचे रस सुचवतात, पण इथे कच्च्या मालाची कमतरता नाहीये, तयार झालेला माल मारला जातोय. चांगलं जेवा, तब्येतीसाठी जेवा, पण आजचा रस आणि परवाचा आकडा यांचं नातं जोडत बसू नका. दोन, बाहेरून प्लेटलेटची पिशवी चढवली तरी त्याही तशाच मारल्या जातात, म्हणून गंभीर रक्तस्राव किंवा तातडीचं ऑपरेशन सोडलं तर डॉक्टर ती चढवत नाहीत. माझ्या भावाने यावरून त्या दिवशी वॉर्डात भांडण काढलं होतं, की ९ हजार झाल्यात आणि तुम्ही रक्त का चढवत नाही. चूक त्याची नव्हती, हे समजावून सांगायला कोणी थांबलंच नव्हतं.

पायरी ३: आकड्याआधी अंगाकडे बघायला शिका

दोन माणसांच्या प्लेटलेट १५ हजार असल्या तरी एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याच्या हिरड्यांतून रक्त थांबत नाही. म्हणून आकडा एकटा वाचायचा नाही, तो रक्तस्रावाबरोबर वाचायचा. ढोबळ अंदाज द्यायचा तर ५० हजारांच्या वर आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही, ३० हजारांच्या वर असतील आणि रक्त कुठून जात नसेल तर मोठ्या माणसांवर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात, ३० च्या खाली मोठ्यांमध्ये साधारण उपचार सुरू करतात, आणि १० हजारांच्या खाली सगळेच जास्त सावध असतात.

आता अंगावर काय बघायचं. ठिपके घोट्याच्या आसपास, नडगीवर, मोज्याचं इलॅस्टिक जिथे रुततं तिथे आधी येतात. पिनच्या टोकाएवढे असतात, खाजत नाहीत, हाताला उंचवटा लागत नाही. काचेचा पारदर्शक ग्लास त्यावर दाबून बघा, ॲलर्जीची पुरळ असेल तर दाबल्यावर फिकी पडते, हे ठिपके तसेच लाल दिसत राहतात कारण ते रक्त कातडीच्या आत सांडलेलं असतं. काळेनिळे डाग न लागता न आपटता उमटतात. हे त्वचेवरचं सगळं दिसायला भयंकर पण त्यामानाने सौम्य.

तोंडाच्या आत मात्र रोज आरशात बघा, गालाच्या आतल्या बाजूला, जिभेखाली. तिथे काळसर जांभळे रक्ताचे फोड दिसले तर त्याला ओलं परप्युरा म्हणतात, आणि तो इशारा आहे की आता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. घोळणा फुटला तर सरळ बसून मान थोडी पुढे करा, नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं न सोडता दाबून धरा, सारखं सोडून बघू नका थांबलं का म्हणून. तेवढ्यात थांबला नाही तर दवाखाना. पाळीत अंगावरून इतकं जात असेल की तासातासाला पॅड बदलावा लागतोय तर तोही रक्तस्रावच आहे, बायका तो सांगत नाहीत आणि मग हिमोग्लोबिन तळाला गेल्यावर कळतं.

आणि ज्यात घरी थांबायचंच नाही ते म्हणजे अचानक फार जोरात डोकं दुखणं, उलट्या, बोलण्यात अडखळणं, एक बाजू लुळी पडणं, नजर धूसर होणं, डोक्याला मार लागणं, लघवीतून रक्त, काळी डांबरासारखी शौचाला होणं. मेंदूतला रक्तस्राव या आजारात दुर्मिळ आहे, मोठ्यांमध्ये साधारण १०० मध्ये १ आणि मुलांमध्ये त्याहून बराच कमी, पण तो ओळखायला उशीर चालत नाही म्हणून ही यादी घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या, फक्त पेशंटला नको.

आकडा वरखाली होतो, हेही सांगून ठेवते. सर्दी झाली की माझा १५ हजारांनी उतरतो आणि आपणहून चढतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, आणि ४८ चा ४१ झाला म्हणून रात्र जागवू नका, तेवढा फरक काही ठरवायला पुरेसा नसतो. सुरुवातीला मी आठवड्यातून दोनदा स्वतःच्या मनाने टेस्ट करायचे, त्यातून माहिती काहीच मिळायची नाही, फक्त दंडाच्या शिरा दुखायच्या आणि जीव टांगणीला लागायचा.

पायरी ४: रोजच्या सवयींतले बदल

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि त्या घरातल्या बाकी वेदनाशामक गोळ्या नकोत, त्या उरलेल्या प्लेटलेटचंही काम बिघडवतात. ताप, अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. सर्दीच्या तयार गोळ्यांत काय काय मिसळलंय ते पाकिटावर वाचा. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायचं औषध आधीपासून चालू असेल तर मनाने बंद करायचं नाही, कारण प्लेटलेट कमी असल्या तरी या आजारात गुठळी होऊ शकते, ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. प्लेटलेट खूप कमी असताना स्नायूत इंजेक्शन घेऊ नका, लागलंच तर आधी सांगा म्हणजे बारीक सुईने देऊन बराच वेळ दाबून ठेवतात.

ब्रश मऊ, पोट साफ राहील असं बघायचं, दात काढायचा असेल तर डेंटिस्टला आधी रिपोर्ट दाखवायचा, डोक्याला मार लागेल असे खेळ आकडा कमी असताना बंद. चालणं, पोहणं, हलका व्यायाम चालू ठेवा, अंग वापरायचंच सोडून देणं हा उपाय नाही. पाकिटात एक कागद ठेवा, आजाराचं नाव, चालू औषधं, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर, पाणथरी काढलीय का नाही.

थकव्याबद्दल वेगळं लिहिते कारण तो रिपोर्टवर दिसत नाही. आयटीपीत थकवा येतो आणि तो खराच असतो, हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी येतो. आळस नाही, मनाचे खेळ नाहीत. घरच्यांना हे वाचायला द्या. लोह, थायरॉइड, झोप हे तपासून घ्या कारण त्यातलं काही असेल तर ते दुरुस्त होतं, बाकीच्यासाठी मी दुपारी अर्धा तास आडवी होते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पायरी ५: उपचार, आणि प्रत्येकाला विचारायचे तीन प्रश्न

प्रत्येक औषधाला मी हे तीन प्रश्न विचारते. किती लवकर चढवणार? चढलेलं किती टिकणार? बदल्यात माझ्याकडून काय घेणार? या तिघांची उत्तरं एकत्र चांगली आहेत असं एकही औषध नाही, म्हणूनच निवड करावी लागते.

पहिला पर्याय म्हणजे काहीच न देणं. तो खरा पर्याय आहे, दुर्लक्ष नाही. मुलांमध्ये तर नुसते ठिपके असतील तर आकडा कितीही कमी असला तरी लक्ष ठेवून थांबतात, कारण ५ पैकी साधारण ४ मुलं वर्षभरात आपणहून बरी होतात. आईबापांना ते बघत बसणं फार जड जातं, मला कल्पना आहे, पण गरज नसताना मुलाला स्टेरॉइडवर ठेवणं त्याहून जड आहे. मोठ्यांमध्ये आपोआप बरं होण्याचं प्रमाण बरंच कमी, आणि १२ महिन्यांच्या पुढे गेलं की त्याला क्रॉनिक म्हणतात.

मोठ्यांना उपचार लागलाच तर सुरुवात स्टेरॉइडनेच होते. एकतर प्रेडनिसोलोन वजनाच्या हिशोबाने रोज, नाहीतर डेक्सामेथासोन ४० मिलिग्रॅम ४ दिवस. काही दिवसांत ते आठवडा दोन आठवड्यांत बहुतेकांचा आकडा चढतो. आणि मग डोस उतरवायला लागलं की अनेकांचा परत घसरतो. इथेच सापळा आहे. घसरला की डोस वाढवायचा, चढला की कमी करायचा, परत घसरला की परत वाढवायचा, असं करत महिने जातात. माझे ८ महिने गेले. चेहरा गोल झाला, रात्री दोनला टक्क जागी, भूक इतकी की जेवून उठले की परत ताटावर बसावंसं वाटायचं, मुलीवर विनाकारण ओरडायचे आणि मग रडायचे, साखर वाढली. आणि दर भेटीत मला फक्त आकडा सांगितला जायचा. अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटॉलॉजीची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की सुरुवातीचा प्रेडनिसोनचा कोर्स उतरवण्यासकट ६ आठवड्यांत संपवावा. तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा, हे कधी बंद होणार, आणि त्यावेळी आकडा टिकला नाही तर पुढचं पाऊल काय. उत्तर लिहून घ्या.

स्टेरॉइड सकाळी, काहीतरी खाऊन घ्या म्हणजे झोप त्यातल्या त्यात बरी लागते. साखर, बीपी, डोळे तपासा, हाडांसाठी कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाचं विचारा. आणि काही आठवडे रोज घेतल्यावर एकदम बंद कधीच करायचं नाही, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, त्याला जागं व्हायला वेळ लागतो.

घाई असेल, म्हणजे रक्त जातंय किंवा उद्या परवा ऑपरेशन आहे, तर आयव्हीआयजी. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटीबॉडीज शिरेतून तासन् तास हळूहळू सोडतात, पाणथरी त्यात गुंतून राहते आणि आपल्या प्लेटलेट सुटतात. एकदोन दिवसांत चढायला लागतात पण टिकतात जेमतेम २ ते ४ आठवडे. डोकं भयंकर दुखू शकतं, भरपूर पाणी प्या आणि वेग कमी करायला सांगायला अजिबात लाजू नका. आजच्या गरजेला उत्तम, कायमचा उपाय म्हणून नाही. डोकं दुखण्यापलीकडे मान आखडली, उजेड सहन होईना तर लगेच कळवा. अँटी-डी नावाचं इंजेक्शन पण असतं, पण ते फक्त आरएच पॉझिटिव्ह आणि पाणथरी असलेल्यांना, आणि त्यात लाल पेशी फुटण्याचा धोका असल्याने देखरेखीखालीच.

पायरी ६: स्टेरॉइडनंतरचा फाटा

इथे खरा विचार करायचा असतो. मुख्य रस्ते तीन.

एक, मगजाला जास्त प्लेटलेट बनवायला लावणारी औषधं. एल्ट्रोम्बोपॅग आणि अव्हाट्रोम्बोपॅग या गोळ्या, रोमिप्लोस्टिम हे आठवड्याला एकदा कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन. पहिलं आणि शेवटचं २००८ पासून अमेरिकेत मंजूर आहेत, म्हणजे अनुभव आता बराच साठलाय. निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांना एकदोन आठवड्यांत फरक पडतो. प्रतिकारशक्ती दबत नाही ही मोठी जमेची बाजू. वजाबाकी अशी की घेताय तोवर चालतं, बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, काहीजणांना मात्र हळूहळू बंद करता येतं आणि आकडा टिकतो. गुठळीचा धोका थोडा वाढतो, म्हणून इथेही नॉर्मल आकड्याचा हट्ट नको, ५० हजारांच्या आसपास पुरे असतं. एकदम बंद केलं तर आकडा आधीपेक्षा खाली आपटू शकतो, त्यामुळे प्रवासाला जाताना गोळ्या मोजून, चार जास्तीच्या घेऊन निघा.

एल्ट्रोम्बोपॅगचा एक बारकावा ज्याने माझे दीड महिना वाया गेले. ही गोळी कॅल्शियम, लोह, अँटासिड यांना चिकटते आणि शरीरात शोषलीच जात नाही. दूध, दही, पनीर, कॅल्शियमची गोळी, मल्टीव्हिटॅमिन यांच्या आधी निदान २ तास किंवा नंतर ४ तास अंतर हवं. मी रात्री झोपताना दुधाबरोबर घेत होते आणि डॉक्टर म्हणत होते या गोळीला दाद नाही, डोस वाढवू. वेळ बदलून मध्यरात्रीच्या आधी, जेवणानंतर ४ तासांनी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायला लागले आणि तीन आठवड्यांत १२ चे ५८ हजार झाले. औषध फेल गेलं म्हणण्याआधी कसं घेताय ते तपासा. लिव्हरच्या टेस्ट ठरलेल्या अंतराने कराव्या लागतात. अव्हाट्रोम्बोपॅगला हे दुधाचं बंधन नाही, ती जेवणाबरोबर घेतात, ज्यांचं वेळापत्रक धावपळीचं आहे त्यांनी हे जरूर विचारा.

दुसरा रस्ता रिटुक्सिमॅब. अँटीबॉडीज बनवणाऱ्या बी पेशी कमी करणारं औषध, सहसा आठवड्याला एक असे ४ वेळा शिरेतून. सुरुवातीला साधारण ६० टक्के लोकांना उपयोग होतो, पण ५ वर्षांनी तो टिकलेले २० ते २५ टक्केच असतात. म्हणजे काही आठवड्यांचं काम आणि मग कदाचित मोठी सुट्टी, कदाचित नाही. आधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, जुना दबलेला विषाणू यात जागा होऊ शकतो. पुढचे सहाएक महिने लसी नीट लागत नाहीत, म्हणून घ्यायच्या त्या आधी घ्या.

तिसरा, पाणथरी काढणं. सगळ्यात जुना उपाय, १९१६ मध्ये प्रागमध्ये पॉल काझनेल्सन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने सुचवला आणि सर्जनला पटवलं, आणि पेशंटच्या प्लेटलेट चढल्या. कायमचा निकाल लागण्याची शक्यता आजही यातच सगळ्यात जास्त आहे, ३ पैकी साधारण २ जणांचा आकडा टिकतो, औषधं सुटतात. पण काढलेली परत बसवता येत नाही. काही जंतूंचं इन्फेक्शन झपाट्याने अंगभर पसरण्याचा धोका जन्मभर राहतो, न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस यांच्या लसी ऑपरेशनच्या निदान २ आठवडे आधी घ्याव्या लागतात, आणि नंतर कधीही थंडी वाजून ताप आला तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच तासाला दवाखाना. पहिल्या वर्षात शक्यतो करू नये असंच सांगतात कारण तोवर काहीजण आपणहून सुधारतात. कोणी तिसऱ्या महिन्यातच सुचवलं तर दुसऱ्या हेमॅटॉलॉजिस्टचं मत घ्या, यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

याशिवाय फोस्टामॅटिनिब आहे, त्यात बीपी आणि जुलाब सांभाळावे लागतात, मायकोफेनोलेट, ॲझाथायोप्रिन, डॅनॅझोल, डॅप्सोन अशी जुनी औषधंही आहेत आणि काहींना तीच लागू पडतात. डॅप्सोनच्या आधी जी६पीडी या एन्झाइमची टेस्ट करून घ्या. हिरड्या किंवा पाळीच्या रक्तासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड फार उपयोगी आहे, ते प्लेटलेट वाढवत नाही, झालेली गुठळी टिकवून धरतं, पण लघवीतून रक्त जात असेल तर ते घेण्याआधी नक्की विचारा.

पायरी ७: तुमच्यासाठी कुठला, हे कसं ठरवायचं

एकाला योग्य ते दुसऱ्याला नाही. मूल हवंय का, हा प्रश्न पहिला. गरोदरपणात स्टेरॉइड आणि आयव्हीआयजी यांच्यावरच मुख्य भर असतो, डिलिव्हरीला साधारण ५० हजार आणि कण्यात भूल द्यायची तर ७० हजारांच्या पुढे बघतात, आणि बाळाच्या प्लेटलेट जन्मल्यावर काही दिवस तपासतात. आयटीपी आहे म्हणून मूल होऊ देऊ नका असं कोणी घरातलं म्हणालं तर तो निर्णय त्यांचा नाही. रिटुक्सिमॅब घेणार असाल तर मध्ये अंतर ठेवावं लागतं, ते आधीच बोला.

पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर मगजाला चालना देणारी औषधं आणि पाणथरीचं ऑपरेशन दोन्हीबद्दल जास्त खोलात विचारा. वारंवार इन्फेक्शन होत असतील तर रिटुक्सिमॅबबद्दल. रोज वेळेवर गोळी घेणं जमत नाही हे मनापासून माहीत असेल तर तेही सांगा, त्यात कमीपणा नाही, डॉक्टरांना खरं कळलं तरच योग्य औषध निघतं. काम कसलं आहे, उंचीवर चढायचं, यंत्रावरचं, का टेबलावरचं, यावरही किती आकडा पुरेल ते ठरतं. टेबलावर काम करणाऱ्या, रक्त न जाणाऱ्या माणसाला ३५ हजारांवर औषधाशिवाय सोडणं हा अगदी चांगला निर्णय असू शकतो.

पायरी ८: एक वही करा

तारीख, आकडा, औषध आणि डोस, कुठून रक्त गेलं, आणि शेवटचा रकाना आठवडा कसा गेला. तो शेवटचा रकाना मी चौथ्या वर्षी घातला. त्यात झोप, कामावर गेले का, चिडचिड, पोहायला गेले का एवढंच लिहायचे. सहा महिन्यांची पानं डॉक्टरांसमोर ठेवली तेव्हा त्यांनीच बोट ठेवून दाखवलं की ९० हजारांचे आठवडे माझे सगळ्यात वाईट गेलेत कारण तेव्हा डोस जास्त होता, आणि ५० हजारांचे सगळ्यात चांगले. त्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून माझा आकडा ४० च्या वर राहिला की पुरे असं ठरवलं, डोस उतरवला, आणि त्यांनी पुढची टेस्ट आठवड्याऐवजी सहा आठवड्यांनी लिहून दिली.